शेवटचा हात अंगठ्याचा

१

सुट्टीच्या दिवशी सकाळी काका अंघोळ आटोपून यायचे, मनगटावरचं स्टीलचं घड्याळ काढून बशीत ठेवायचे आणि बशी ठिणगीच्या पुढ्यात सरकवायचे. तोंडातून अवाक्षर नाही. 'जरा घासून देतेस का?' एवढं विचारायलाही त्यांची जीभ उचलत नसे.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कुणीतरी तिच्या हातातलं खेळणं हिसकावलं, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्या दिवशी बाबांनी ते ठेवलं. आता ती पदवी घेऊन बसली होती, चारचौघांत ठणकावून बोलत होती, आणि घरात मात्र दुसऱ्याच्या मनगटाचा मळ काडीनं कोरून काढत होती.

घरचा रिवाज असा, की घड्याळ घालायचं सगळ्यांत मोठ्यानं आणि घासायचं सगळ्यांत धाकट्यानं. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लग्न न केलेले, ऐंशी ओलांडलेले. बाबांनी जन्मभर त्यांचं घड्याळ घासलं. बाबा होते तोवर ठिणगी घरात सगळ्यांत धाकटी असूनही त्यांनी तिला त्या बशीला बोट लावू दिलं नाही. "तुला नाही जमायचं," म्हणायचे. तिला त्याचा फार राग यायचा. मग बाबा गेले आणि तेराव्या दिवसाची भांडी वाळायच्या आत बशी तिच्यासमोर आली.

तिनंही ठरवलं, जमवून दाखवायचं. खिडकीजवळचं टेबल, कोमट साबणाचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश. आधी पट्ट्याच्या कड्या घासायच्या. कडीकडीमधला काळा चिकटा निघून पाण्यात उतरला की पाणी ओतून टाकायचं. मग घड्याळाच्या कडा. कडांवर एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा, आणि काचेभोवतीची गोल कडी मात्र आरशासारखी लख्ख. या दोघींची गल्लत झाली की घड्याळाची शोभा गेली. म्हणून गोल कडीवर चिकटपट्टी लावायची, बारीक पॉलिश पेपर घ्यायचा आणि कडांवरून एकाच बाजूनं सरळ ओढायचा. परत फिरवायचा नाही. मग पट्टी काढायची, पॉलिशचा ठिपका, मऊ फडकं.

आणि शेवटी अंगठा. हे मात्र याच घरातलं. बाहेर लोक हातमोजे घालतात, बोटाचा तेलकट डाग पडू नये म्हणून. तिनं पहिल्याच वेळी घातले होते. काकांनी घड्याळ उजेडात धरून बघितलं आणि परत बशीत ठेवलं.

"मोजे काढ."

"का? डाग पडेल."

"आपल्याकडे शेवटचा हात अंगठ्याचा. उघड्या अंगठ्याचा. तुझा बाप असाच घासायचा."

"बाबा करायचे म्हणून बरोबर असतं का काका?"

"मोजे काढ, पोरी."

तिनं काढले. गोल कडीवर अंगठा टेकवला, दाबला आणि फिरवला. चिर्र, चिर्र. धातूवर कातडं घासल्याचा बारीक आवाज. काका समोर बसून ऐकत होते, एखादं आवडीचं गाणं ऐकावं तसे.

त्यानंतरच्या दर सुट्टीला हेच झालं. पॉलिशनं धातू निघतो आणि बोट काळं होतं, हे घासणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तिचं फडकं काळंकुट्ट व्हायचं. सुरुवातीला अंगठाही व्हायचा. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की अंगठा आता काळा होत नाही. कडीवर कितीही फिरवला तरी स्वच्छ, गुलाबी, नुकताच धुतल्यासारखा.

'हात बसला,' असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि तिला थोडं बरंही वाटलं, याचीच पुढे तिला सगळ्यांत जास्त चीड आली.

२

ज्या दिवशी नोकरीचा फोन आला, त्याच दिवशी तिच्या मोबाइलनं तिला ओळखायचं सोडलं.

नोकरी दुसऱ्या शहरात होती. मोठी कंपनी, स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. फोनवरची बाई म्हणाली, "तुमची निवड झाली आहे. फक्त ओळख पडताळणी करून घ्या. जवळच्या नोंदणी केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा, बस. ते झालं की रुजू व्हायचं पत्र येईल. ते झालं नाही, तर मात्र पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

"अंगठा ना? उद्याच देते."

फोन ठेवला आणि मैत्रिणीला कळवायला पुन्हा उघडायला गेली, तर उघडेना. अंगठा पुसला. फ्रॉकच्या वयापासूनची सवय म्हणून कपड्याला पुसला, मग हात धुऊन पुसला. पुन्हा तेच. शेवटी आकडे टाकून उघडला.

दुपारी उजेडात तिनं अंगठा नीट बघितला. शेंगदाण्याचं साल काढल्यावर आतला दाणा दिसतो तसा. एक रेघ नाही. लहानपणी विळीनं कापलेल्याचा आडवा वण होता, तोही नाही.

पण तिचं डोकं ताळ्यावर होतं. पॉलिश म्हणजे शेवटी खरखरीत भुकटी. ती धातू खाते, तर कातडं का नाही खाणार? विटा उचलणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची बोटं अशीच होतात. कातडं पुन्हा येतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. चिडण्यासारखं मात्र भरपूर होतं.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिनं अंगठा आईच्या नाकासमोर धरला.

"बघ. तुझ्या भावजींच्या घड्याळाची कृपा."

आईचा हात थांबला. तिनं अंगठ्याकडे बघितलं नाही. बघायच्या आधीच तिला कळलं होतं, असं ठिणगीला वाटलं.

"यांचाही असाच झाला होता," आई म्हणाली.

"बाबांचा?"

"कारखान्यात हजेरीचं यंत्र आलं तेव्हा यांचा अंगठा लागेना. सगळे हसायचे. म्हणायचे, तुम्ही आहात की नाही तेच यंत्राला कळत नाही. मग पहारेकरी यांची हजेरी हातानं लिहायचा."

"बाबा काच कापायचे आई. काचेच्या धुळीनं झालं असेल."

"हो," आई म्हणाली. "आम्हीही तेच म्हणायचो."

"आम्ही म्हणजे?"

आईनं भाजीची देठं गोळा केली आणि उठली. या घरातली मोठी माणसं अशीच. अर्धं बोलायचं आणि उरलेलं पदराखाली झाकायचं. ठिणगीनं ताट आपटलं. आईनं मागे वळूनही बघितलं नाही.

३

नोंदणी केंद्र म्हणजे एक लांबट खोली. पंखा फिरत होता पण वारा दुसऱ्याच कुणाला लागत होता. खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेल्या, त्यामुळे एकजण उठला की सगळी रांग हलायची. काचेपलीकडे एक बाई बसली होती, चष्मा डोक्यावर, समोर संगणक. काचेअलीकडे टेबलावर छोटंसं यंत्र, त्यात हिरवट उजेडाची चौकोनी काच.

"ठेवा अंगठा. दाबा. अजून. काढा. पुन्हा."

यंत्र दर वेळी लाल होऊन किरकिरलं.

"दुसरा ठेवा. आता हे बोट. हे." सगळी बोटं झाली. बाईनं चष्मा खाली घेतला आणि काचेखालच्या फटीतून तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन उलटा केला. "अगं बाई. करता काय तुम्ही? वय काय, हात काय!"

ठिणगीनं आपला हात बघितला. पॉलिश फक्त अंगठ्याला लागायचं. बाकीच्या बोटांनी कधी त्या कडीला स्पर्शही केला नव्हता. तीही तशीच होती. गुळगुळीत.

"घरी एक घड्याळ घासते," ती म्हणाली. तिला तिचंच बोलणं वेड्यासारखं वाटलं.

"घड्याळ घासता की हात?" बाई हसली. "यंत्रच तुम्हाला अंगठा दाखवतंय. असं करा, घासणं बंद. रोज तेल लावा, कोमट पाण्यात बुडवून ठेवा. कातडं येईल. मग या."

"पण मला पत्र हवंय. माझी नोकरी जाईल. माझ्या चेहऱ्यावरून कळत नाही का मी कोण आहे ते? हा बघा फोटो. ही मीच ना?"

"मला कळतंय हो," बाई समजुतीनं म्हणाली. "याला कळायला पाहिजे."

बाहेर येऊन तिनं भिंतीवर मूठ आपटली. दुखलं तेव्हा जरा बरं वाटलं. निदान दुखणं तरी तिचं होतं.

४

घड्याळ घासायचं बंद. तिनं काकांना सरळ सांगितलं. त्यांनी बशी सरकवली, तिनं ती परत त्यांच्याकडे ढकलली. काकांना राग येईल असं तिला वाटलं होतं. ती भांडायची तयारी करूनच बसली होती. पण ते मान एका बाजूला कलती ठेवून तिच्याकडे बघत राहिले, आणि अंगठा तर्जनीवर घासत राहिले.

हा आवाज तिला अलीकडे सारखा ऐकू येत होता. खस, खस. कोऱ्या कागदावरून बोट फिरवल्यासारखा. जेवताना, पेपर वाचताना, दुपारी पडल्या पडल्या. काका अंगठा तर्जनीवर घासायचे, थांबायचे, बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, पुन्हा घासायचे. नवीन कपडे घातलेलं मूल जसं सारखं खिसे चाचपतं, तसे.

तिनं एकदा ताट वाढताना त्यांची बोटं बघितली. हाताला सुरकुत्या, नखं पिवळी, मनगटाचं हाड वर आलेलं. पण बोटांची टोकं? त्यांवरच्या रेषा नुकत्या कोरल्यासारख्या ठसठशीत होत्या. तरण्या माणसाच्या असतात तशा.

तेलानं काही होत नव्हतं. पाण्यानं काही होत नव्हतं. तिची बोटं दिवसेंदिवस कपबशीच्या कानासारखी गुळगुळीत राहिली. कंपनीतून पुन्हा फोन आला, या वेळी आवाज जरा कोरडा होता. "आम्ही फार थांबू शकत नाही हं."

त्या दुपारी जेवताना काका सहज म्हणाले, "पाण्याच्या टाकीवर चढून ओरडायला मजा येते, नाही?"

आईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

ठिणगीच्या हातातला घास तसाच राहिला. कॉलेजच्या वसतिगृहाला गच्चीवर टाकी होती. परीक्षा संपल्यावर एका दुपारी ती एकटीच तिच्यावर चढली होती आणि गळा फुटेपर्यंत ओरडली होती. तिथं कुणी नव्हतं. तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं, मैत्रिणीलासुद्धा नाही. ती गोष्ट फक्त तिची होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कशाचं कोण सांगायचं?" काका भातात वरण कालवत म्हणाले. "आठवलं आपलं. शिडी तापली होती. तळवे भाजले."

"काका, तुम्ही माझा फोन उघडता का? माझ्या मैत्रिणींशी बोलता का? खरं सांगा!"

"ओरडू नकोस. जेवताना ओरडू नये."

"मी ओरडेन नाहीतर नाचेन! या घरात माझं म्हणून काही राहू देणार आहात की नाही तुम्ही?"

"ठिणगे," आई म्हणाली, "बस खाली."

ती बसली नाही. खोलीत गेली, दार लावलं आणि पलंगावर बसून आठवू लागली. टाकी आठवत होती. गच्ची आठवत होती. आपण ओरडलो हेही पक्कं माहीत होतं. पण काय ओरडलो? शिव्या होत्या का? कुणाचं नाव होतं? शिडी तापली होती का? डोक्यात त्या जागी हात फिरवला की घसरत होता.

इतकी जुनी गोष्ट, ती स्वतःशी म्हणाली. विसरतं माणूस. बाबाही नाही का शेवटी शेवटी विसरायचे? वाक्य अर्ध्यावर सोडायचे. तिला हाक मारताना "अगं ही" म्हणायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. आजाराला नाव असलं की तो खरा असतो.

दाराबाहेर आवाज येत होता. खस, खस, खस.

५

"एकदा घासून दे," आई म्हणाली. "जायच्या आधी एकदाच. नाहीतर ते अडून बसतील. कागदांवर सही द्यायला, सामान न्यायला, सगळ्याला. तुला माहितीय त्यांचं."

"म्हणजे तूही त्यांचीच."

"मी कुणाचीच नाही गं," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की ठिणगीला आणखीच चीड आली. "मला फक्त तू इथून जायला हवीस. तुझ्या बाबांनी तुला घड्याळाला हात लावू दिला नाही, का ते कधी विचारलंस?"

"मला जमणार नाही म्हणून!"

आईनं नाही म्हणून मान हलवली.

"मग का? बोल ना आई. एकदा तरी पूर्ण बोल!"

"मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "त्यांनाही सांगता आलं नाही. ते आपले हात पाठीमागे लपवायचे, एवढंच."

ठिणगी सकाळच्या उन्हात खिडकीशी बसली. पाणी, ब्रश, चिकटपट्टी, पेपर. हातमोजे घालूनच बसली. पण मनात वेगळाच बेत होता. ती ते घड्याळ घासणार नव्हती, बिघडवणार होती. गोल कडीवर पट्टी न लावताच पॉलिश पेपर आडवा फिरवायचा. वर्षानुवर्षांची लख्ख कडी ओरबाडून काढायची. मग घाला म्हणावं मनगटात, मिरवा चारचौघांत.

तिनं पेपर घेतला आणि दात ओठ खाऊन ओढला. एकदा, पुन्हा, उलटा, सुलटा. कडी काळवंडली. चरे उठले. तिला इतका आनंद झाला की ती जोरात हसली.

"मोजे काढ," काका दारात उभे होते.

"नाही काढणार. आणि हे बघा तुमचं घड्याळ!"

तिनं ते त्यांच्यासमोर नाचवलं. काकांनी चरे बघितले. चिडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती आली.

"बापाला कधी एवढा राग आला नाही," ते म्हणाले. "त्यानं गपगुमान घासलं. म्हणून तर इतकी वर्षं लागली."

"कशाला लागली?"

"हिंमत असेल तर अंगठ्यानं पुसून दाखव ते चरे. शिकलेली म्हणवतेस ना? तुझ्या बापानं पुसले असते. तुला नाही जमायचं."

तुला नाही जमायचं. तेच शब्द. तिचं डोकं फिरलं. तिनं मोजा दातांनी ओढून काढला, अंगठा कडीवर दाबला आणि घासायला लागली. बारीक चिर्र नाही, आता मोठा आवाज. तिला दुखत नव्हतं. रागानं अंगात जे जे उसळत होतं ते सगळं त्या एका बोटात उतरत होतं, आणि बोटातून खाली. पहिलीतल्या बाईंवरचा राग, वर्गात मार खाऊनही न रडल्याचा माज, बाबांच्या चितेपाशी मोठ्या माणसांनी तिला मागे ओढलं तेव्हाची तडफड. सगळं येत होतं आणि जात होतं. टेबल हलत होतं. बशीत पाणी हिंदकळत होतं.

आणि तिच्या अंगठ्याखाली चरे पुसले जात होते.

आई आतून धावत आली. "बस! बस झालं! सोड ते!"

ठिणगी थांबली. कडी लख्ख होती, आधीपेक्षाही. त्या लखलखाटात तिचा अंगठा जवळून दिसत होता, मोठा, फुगलेला. प्रतिबिंबातल्या अंगठ्यावर रेषा होत्या. एकात एक गुंडाळलेल्या, ठसठशीत. मधून एक आडवा वण गेला होता.

तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. कोरा.

तिनं अंगठा उचलला. आतला जरा उशिरा उचलला गेला.

काका पुढे आले, तिच्या हातातून घड्याळ अलगद काढून घेतलं आणि मनगटात चढवलं. पट्ट्याची कडी बसल्याचा बारीक टक् आवाज झाला. "बरं झालं," ते म्हणाले. "आता चल. उन्हं चढायच्या आत जाऊन येऊ. मी येतो तुझ्याबरोबर केंद्रात."

"तुमची काही गरज नाही."

"तुला बस कुठली ते आठवतंय का?"

ती रागारागानं उत्तर द्यायला गेली. नेहमीचा थांबा, नेहमीची बस, शाळेच्या दिवसांपासून हजारदा चढलेली. रागानं माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, एवढंच, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि त्यांच्या मागे चालू लागली.

आई दारात उभी राहून काहीतरी म्हणाली. रस्त्यावरच्या गाड्यांत ते बुडून गेलं.

६

केंद्रात तीच बाई होती, त्याच खुर्च्या. काका तिथं सगळ्यांशी बोलले. ठिणगीच्या मागे बसलेल्या बाईशी, पहारेकऱ्याशी, पाणी भरणाऱ्याशी. सगळ्यांना हसवलं, वाद घातला, एकाला तर ठणकावून रांगेत मागे पाठवलं. "आजोबा भारी आहेत हं तुमचे," कुणीतरी म्हणालं. "तोंडाळ आहेत, पण खरं बोलतात."

काका असे कधीच नव्हते. बाहेर कुणी बोलायला आलं तरी एका शब्दाच्या पुढे जायचे नाहीत. ठिणगीला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडायला गेली तर छातीत नुसती धग होती. शब्दांपर्यंत पोचत नव्हती. धग खरी होती. ती तेवढी घट्ट धरून ती बसून राहिली.

"या," काचेपलीकडची बाई म्हणाली. "लावलं ना तेल? ठेवा अंगठा."

लाल. किर्र.

"पुन्हा."

लाल.

"अहो, काहीच सुधारणा नाही हो. आता मी तरी काय करू?"

"पत्र," ठिणगी म्हणाली. "मला पत्र हवंय. मला इथून जायचंय." एवढं मात्र तिला लख्ख ठाऊक होतं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. ती काचेवर दोन्ही हात टेकवून उभी होती. तिच्या बोटांचे ठसे काचेवर उमटले नाहीत.

"दाबता येत नाही तिला नीट," काका म्हणाले. "सरक. असा ठेवायचा असतो." आणि त्यांनी तिला कोपरानं बाजूला करून, लहान मुलाला अक्षर गिरवून दाखवावं तसा, आपला अंगठा यंत्राच्या काचेवर टेकवला.

हिरवा उजेड झाला. यंत्रातून नाजूक घंटी वाजली.

"लागला!" बाई आनंदानं म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. "आला की फोटो. छान आलाय. सगळं जुळलं." मग तिनं काचेपलीकडून खाली बघितलं आणि यंत्रावरचा सुरकुतलेला हात तिला दिसला. मनगटावरचं घड्याळ उजेडात चमकत होतं. "थांबा, थांबा. हा अंगठा कुणाचा होता? आजोबा, तुमचा? असं कसं होईल? यंत्रात काहीतरी गोंधळ दिसतोय." तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाव सांगा बघू."

काकांनी नाव सांगितलं. पूर्ण. आधी मुलीचं, मग वडलांचं, मग आडनाव. कुठेही न अडखळता, शाळेत हजेरी द्यावी तसं, जरा ठसक्यात.

"ते यांचं झालं हो. तुम्ही त्यांचं कशाला सांगताय?" बाई वैतागून म्हणाली आणि ठिणगीकडे वळली. "बाई, तुम्ही बोला. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय नाव तुमचं?"

ठिणगीनं तोंड उघडलं. काकांनी आत्ताच उच्चारलेलं नाव तिनं ऐकलं होतं. चांगलं होतं. तिच्या वर्गात कदाचित त्या नावाची कुणी असावी. तिनं आत बघितलं, जिथं ते असायला हवं तिथं, आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. घरात तिला ज्या नावानं हाक मारत, ते होतं. त्याच्या मागचं नव्हतं. ती अख्ख्या जिवानं चिडली होती, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि उघड्या तोंडातून नुसती वाफ येत होती.

रांग थांबली होती. मागच्या खुर्च्या करकरल्या. बाई वाट बघत होती.

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या बोटांवरची एकेक रेघ तिला कपड्यातून जाणवली.

"सांग ना," ते प्रेमानं म्हणाले. "लाजतेस काय अशी? सांग."